हक्काच्या कागदांवरचे पूर्वज

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या गावठाणांत आणि चाकणभोवतीच्या गावांत वंशावळीची आठवण होते ती बहुधा तलाठ्याकडे किंवा वकिलाकडे जाताना. जमिनीचे संपादन असो, बिल्डरशी करार असो की भावकीतला वाटणीचा दावा, पणजोबापासूनच्या सगळ्या शाखा कागदावर मांडून शपथपत्रासह द्याव्या लागतात. कारखानदारीने जमिनीला भाव आणला आणि त्या भावाने विसरलेले पूर्वज वर काढले. ही वंशावळ जुन्या दफ्तरांशी ताडून पाहिली की एक गोष्ट ठळक होते. ही दफ्तरे कुणाची आठवण राहावी म्हणून लिहिलेली नव्हती. सारा वसूल व्हावा, वतन कुणाचे ते ठरावे, भांडण मिटावे यासाठी ती लिहिली गेली. त्यामुळे त्यांत टिकलेले पूर्वज म्हणजे हक्क असलेले पूर्वज. या पट्ट्यातल्या घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने कागदावरच्या वंशावळीकडे आधी हक्काची यादी म्हणून पाहावे आणि मगच ती घराण्याचा इतिहास म्हणून वापरावी.

इंग्रजांपूर्वीच्या कागदांची रचनाच याची साक्ष देते. पाटीलकीचा वाद उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत. मूळपुरुष कोण, त्याला लेक किती, कुठला भाऊ दुष्काळात परागंदा झाला, कुणी कुणाला आश्रय दिला, हे सारे त्यात येई. मग गोतसभा बसे आणि निवाड्याच्या महजरावर पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांच्या हत्यारांपर्यंत निशाण्या उमटत. गावची जमीन थळांत विभागलेली असे आणि थळ ओळखले जाई ते वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्या मिरासदार कुळाच्या नावाने. कूळ बुडाले तरी जमीन ‘गतकूळ’ म्हणून नोंदली जाई. 1820च्या दशकात दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम साइक्सने या पद्धतीची तपशीलवार नोंद केली आहे. वंश संपला तरी त्याचे नाव राहिले, कारण त्याच्या मागे जमीन होती. उलट, दुसऱ्याची जमीन करारावर कसणारा उपरी दोन-तीन पिढ्या गावात राबला तरी त्याचे नाव वसुलीच्या एखाद्या ओळीपुरतेच येते. त्याच्या आजोबाचे नाव विचारण्याची गरज दफ्तराला कधी पडली नाही.

चिंचवडच्या देव घराण्याइतका भरभक्कम कागद या भागातल्या दुसऱ्या कुठल्या घराण्यामागे क्वचितच असेल. घराण्याचे मूळपुरुष मोरया गोसावी यांच्या वंशात गणपतीचा अंश सात पिढ्या उतरतो या श्रद्धेवर त्यांना इनाम गावे मिळाली. एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने 1801मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये या परंपरेवर लेख लिहिला. 1810मध्ये धरणीधर देव निपुत्रिक वारले आणि थेट वंश खुंटला. 1885चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर सांगते की देवस्थानची मिळकत सरकारजमा होऊ नये म्हणून दूरच्या नात्यातल्या एकाला गादीवर बसवण्यात आले. श्रद्धेच्या दृष्टीने सात पिढ्यांवर थांबायला हवी होती ती वंशावळ मिळकतीसाठी पुढे चालली. लॉरेन्स प्रेस्टन यांनी 1989मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच घराण्याचा अभ्यास केला, आणि त्यांचा विषयही घराणे व राजसत्ता यांचा संबंध हाच आहे. सत्तेने इनाम तपासले, घराण्याने पुरावे दिले, आणि त्या देवघेवीतून वंशावळ तयार झाली.

इंग्रजी अमलात ही देवघेव अधिक काटेकोर झाली. 1852च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना सनदा व वारसा शाबीत करणे भाग पडले. 1903च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली, आणि फेरफाराची वही गावोगाव वारसांच्या नावांनी भरू लागली. नोंदींच्या या साखळीचा इतिहासासाठी किती उपयोग होतो हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी दाखवून दिले. त्यांनी पिंपळे सौदागर हे गाव निवडले आणि 1917मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज तिथे उंच गृहसंकुले आहेत. तेव्हा ते मुळा-पवनेच्या खोऱ्यातले साधे शेतीचे गाव होते. मान यांच्या हिशेबाप्रमाणे तिथली सरासरी धारणा 1771मध्ये 40 एकर होती, 1818मध्ये साडेसतरा आणि 1914-15मध्ये केवळ 7 एकर. या आकड्यांत एकाही माणसाचे नाव नाही, तरी घरोघरच्या पिढ्या त्यांत दडल्या आहेत. बाप गेला, भाऊ वेगळे झाले, बांध पडला, आणि दर वाटणीला वंशवृक्षाची फांदी फुटली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की नोंद जमिनीमागे जाते हे जगात सगळीकडेच आहे, त्यात पिंपरी-चाकणचे वेगळे काय? आक्षेप खरा आहे, आणि त्यातूनच मुद्दा पक्का होतो. अमेरिकेतल्या आरंभीच्या घराण्यांचा माग मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते आणि 1790पासूनच्या जनगणनेतून काढतात. पण 1850पर्यंत जनगणनेत कुटुंबप्रमुखाखेरीज कुणाचे नाव नसे. त्या वर्षी स्वतंत्र माणसांची नावे आली, तरी गुलामांच्या तक्त्यात मालकाच्या नावाखाली बहुतेक नुसते वय, लिंग आणि वर्णच लिहिले गेले. गुलामाचे नाव सापडते ते पुष्कळदा मालकाच्या मालमत्तेच्या यादीत. आपल्याकडची विषमता निराळ्या जातीची, म्हणून तिचे कागदही निराळे. महारवतनाच्या कागदांत महार घराण्यांची नावे पाळीपाळीने येतात, कारण राबणूक कुणाकडून घ्यायची हे सरकारला ठाऊक असायला हवे होते. ज्या वतनाने राबवले त्यानेच नाव राखले. 1928मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा प्रश्न याच राबणुकीचा होता. स्त्रियांचेही तसेच. जुन्या फेरफारात विधवा वारस म्हणून येते, लेक बहुधा येतच नाही. 1994च्या महाराष्ट्राच्या आणि 2005च्या केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केले, आणि हक्कसोडपत्रावर का होईना, बहिणींची नावे वंशावळीत आली. वंशवृक्षाचा आकार कायद्याबरोबर बदलतो याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हक्कासाठीच लिहिलेले कागद खोटे का नसतील? मिरास सांगणारा मूळपुरुष मागे नेणारच, अडचणीचा चुलता गाळणारच. बनावट सनदा निघत, हे इनाम कमिशनच्या चौकश्यांतही उघडे पडले. पण म्हणून कागद टाकून देण्याचे कारण नाही. करीना एका बाजूचा असेल तर समोरच्या पक्षाचाही असतो. दोघांनी न नाकारलेली पिढी बहुधा खरी. त्याहून विश्वासाच्या असतात त्या सहज आलेल्या नोंदी. चतुःसीमेत शेजारी म्हणून आलेले नाव, महजराचा साक्षीदार, साऱ्याची सूट मिळालेला शेतकरी, यांच्याबद्दल खोटे लिहून कुणाचा फायदा नव्हता. पेशवे दफ्तरातल्या मोडी रुमालांत घराण्याचे नाव शोधणारा संशोधक म्हणूनच आपल्या घराण्याच्या दाव्यापेक्षा शेजाऱ्याच्या भांडणात अधिक मिळवतो.

तिसरा आक्षेप नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. तिथे तर यात्रेकरूची सारी पिढी लिहिलेली असते आणि जमिनीचा काही संबंध नसतो. अमेरिकेच्या युटातील वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या अशाच वह्यांचे सूक्ष्मचित्रण करून घेतले, इतके त्यांचे मोल आहे. या वह्या हक्काच्या दफ्तराची पोकळी काही प्रमाणात भरतात, आणि जन्ममृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुकही भरते. पण वहीत नाव यायला आधी यात्रेची ऐपत लागते, आणि सांगणारा जेवढे सांगेल तेवढेच उपाध्याय लिहितो. कोतवाल बुकात मूल येते ते बापाच्या नावाने. साधन बदलले की कोण राहिला आणि कोण वगळला याची यादी बदलते. वगळणे थांबत नाही. 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचकांना आणि कोतवाल बुकांना राज्यभर अचानक महत्त्व आले. तिथेही कागद जागा झाला तो हक्काच्या प्रश्नामुळेच.

हा निष्कर्ष पट्ट्याच्या आजच्या वस्तीला लावला की त्याची धार कळते. पिंपरी वाघेरे किंवा महाळुंगे इंगळे या गावांच्या नावांतच जमीनधारक घराण्यांची आडनावे आहेत. पण फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेले सिंधी, 1954मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाल्यापासून कामासाठी येत राहिलेले लातूर-सोलापूरचे, बिहार-उत्तर प्रदेशचे लोक, यांचे पूर्वज इथल्या एकाही रुमालात नाहीत. त्यांची इथली नोंद आहे ती कारखान्याच्या हजेरीपत्रकात, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. कायम कामगाराचे नाव त्यात वर्षानुवर्षे राहील. कंत्राटी कामगाराचे नाव कंत्राटदाराच्या मस्टरवर असते आणि कंत्राट संपले की ते मस्टर कुठे जाते याची विचारपूस कुणी करत नाही. मिरासदार आणि उपरी यांच्यातली दरी दफ्तरात पुन्हा तशीच पडते आहे. शहराच्या अभिलेखागारात सनदा आणि फेरफारांशेजारी ही मस्टरे आणि शाळेची रजिस्टरे जपली, तरच पुढच्या शतकात पिंपरी-चाकणच्या पूर्वजांचा इतिहास केवळ जमीनवाल्यांचा राहणार नाही.