मोजपट्टी घेऊन फिरणारी प्राध्यापिका

रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला आपण हायपोथिसिस, कंट्रोल, सॅम्पल साइझ सगळं घोकतो. पण ‘माझ्यावर इथे अन्याय होतोय का?’ असा प्रश्न पडला की हे सगळं विसरून आतल्या आत कुढत बसतो. म्हणून आज १९९४ सालची, अमेरिकेतल्या एमआयटीमधली एक गोष्ट सांगते.

तिथल्या मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट नॅन्सी हॉपकिन्स तेव्हा नुकत्याच झेब्राफिशवर काम करायला लागल्या होत्या. माशांच्या टाक्यांसाठी त्यांनी २०० चौरस फूट जादा जागा मागितली. ती मिळाली नाही. बरोबरीच्या पुरुषांपेक्षा आपल्याकडे जागा कमी आहे, हे त्यांचं म्हणणंही कुणी मानेना. मग बाईंनी सरळ मोजपट्टी घेतली आणि रात्री एकेक लॅब मोजायला सुरुवात केली. आकडे असे निघाले: वरिष्ठ पुरुष प्राध्यापकांकडे सरासरी ३००० चौरस फूट, नव्याने लागलेल्या पुरुषांकडे २०००, आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या हॉपकिन्सबाईंकडे १५००.

इथपर्यंत ही एकटीची तक्रार होती, म्हणजे आपल्या भाषेत एन बरोबर १. त्यांनी अध्यक्षांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मेरी-लू पार्ड्यू या सहकारी प्राध्यापिकेला दाखवला. ‘जास्तच कडक झालंय’ असं काहीतरी ऐकायची तयारी होती; पार्ड्यू म्हणाल्या, मलाही यावर सही करायचीय! मग दोघींनी यादी काढली. विज्ञान शाखेच्या सहा विभागांत मिळून टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, असलेल्या बायका होत्या फक्त १५ आणि पुरुष सुमारे २००. एकेका विभागात एखाददुसरीच बाई, त्यामुळे प्रत्येकीला वाटत आलं होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. इंजिनिअरिंगची भर पडून शेवटी १६ जणींनी सह्या केल्या. डीन रॉबर्ट बर्जेनो यांनी ऐकून घेतलं आणि समिती नेमली. तिच्यात काही वरिष्ठ पुरुष प्राध्यापकही होते. १९९९ मध्ये अहवालाचा सारांश सगळ्यांसाठी छापला गेला.

त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला निष्कर्ष जागेचा किंवा पगाराचा नाही. नव्याने लागलेल्या तरुण प्राध्यापिकांना भेदभाव आहे असं वाटतच नव्हतं. गंमत म्हणजे, आज त्रासलेल्या वरिष्ठ बायकांनाही तरुणपणी अगदी तसंच वाटायचं. प्रत्येक पिढी समजत होती की हा प्रश्न मागच्या पिढीतच मिटला.

याची तुलना आपल्या कमलाबाई सोहोनींशी करून बघा. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं. तिथे अन्याय तोंडावर बोलला गेला, म्हणून त्याच्याशी समोरासमोर भांडता आलं. एमआयटीत तसं कुणी काही बोललंच नव्हतं. जागा, पगार, समित्यांवरची पदं, सगळीकडे थोडं थोडं कमी, आणि प्रत्येक वेळी वेगळं, पटेल असं कारण. असा भेदभाव सगळं शेजारी शेजारी मांडल्याशिवाय दिसतच नाही.

अहवालावर टीकाही झाली, आणि ती रिसर्च करणाऱ्यांनी वाचायलाच हवी. समितीच्या पहिल्या अध्यक्ष स्वतः हॉपकिन्सच होत्या. शिवाय पगाराचे, जागेचे सविस्तर आकडे बाहेर दिले नव्हते. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी लेखी मान्य केलं की यात भासापेक्षा वास्तवाचाच भाग खूप मोठा आहे. बऱ्याच जणींचे पगार आणि जागा वाढल्या.

आता थोडं माझं. एका उपकरणाचे रात्रीचे स्लॉट कायम मलाच येतात असं मला वाटायचं. दोन महिने वहीत सगळ्यांचे स्लॉट तारखेसकट लिहिले. निम्मं खरं निघालं: रात्रपाळी मला जास्त होती, पण माझ्याइतकीच आणखी एका ज्युनियर मुलालाही होती. ‘मी मुलगी म्हणून’ हा माझा हायपोथिसिस टिकला नाही. ‘ज्युनियर म्हणून’ मात्र टिकला. आम्ही दोघांनी मिळून वही दाखवली आणि वेळापत्रक बदललं.

वही कायम चालेलच असं नाही. हॉपकिन्सबाईंची नोकरी पक्की होती आणि ऐकणारा डीन होता. तुमचं सगळं भवितव्य एका गाईडच्या सहीवर असू शकतं. त्यामुळे घाई करू नका. तारीख, काय घडलं, कोण हजर होतं, एवढं त्याच दिवशी लिहा. ईमेल जपून ठेवा. आणि कुठेही तक्रार करण्याआधी निदान एका विश्वासाच्या माणसाला विचारा, ‘तुलाही असं होतं का रे?’