नाशिकच्या डोंगरावरची ठेव



बचत गटाची सहल नाशिककडे निघाली की त्र्यंबक आणि वणी ठरलेलं असतं. जरूर जा. पण त्याच फेरीत अर्धा दिवस आणखी काढा. नाशिकपासून सात-आठ किलोमीटरवर मुंबईच्या हमरस्त्यालगत एक डोंगर आहे. पायथ्याला फाळके स्मारक, तिथूनच पायऱ्या वर जातात. दमानं चढायचं, पाण्याची बाटली घ्यायची. वर खडकात कोरलेली चोवीस लेणी आहेत.

लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा इथं काही संबंध नाही. पावसाळ्यात बौद्ध भिक्षूंनी एका जागी राहावं म्हणून ही घरं दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरली गेली. कुणी काय दिलं तेही भिंतींवर कोरून ठेवलंय. डोंगराचं खरं नाव त्रिरश्मी. लिपी ब्राह्मी आहे, ती आपल्याला वाचता येत नाही. पण भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजीच. भिक्षूच्या खोलीला लेखात ‘ओवरक’ म्हटलंय. देवळातली आपली ओवरी ती हीच.

या लेखांमध्ये बायकांची नावं आहेत, आणि ती पुष्कळ आहेत.

तीन नंबरचं लेणं सगळ्यांत देखणं. ते गौतमी बलश्री या राणीनं दिलं. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावी गादीवर असताना, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं मोठा लेख कोरवला. मुलाच्या लढाया, त्यानं जिंकलेले मुलूख, सगळं त्यात आहे, आणि तो आईची अखंड सेवा करायचा हेही आहे! राजा आईच्या नावानं ओळखला जात होता. आपल्याकडे सरकारी कागदावर मुलाच्या नावापुढे आईचं नाव सक्तीचं झालं ते 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी.

राणीचं सोडा. सहा नंबरच्या लेण्यात वीर नावाच्या व्यापाऱ्याचा लेख आहे. लेणं त्याचं, खोल्या चार. पण त्यांतली एक ओवरी त्याची बायको नंदश्री हिची आणि एक मुलगी पुरुषदत्ता हिची, असं स्पष्ट लिहिलंय. ‘वीर आणि कुटुंबीय’ असं म्हणून भागलं असतं. आपल्याकडे देवळाच्या देणगीच्या पाटीवर काय लिहितात ते आठवा.

अठरा नंबरचं चैत्य, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं. ते भटपालिका नावाच्या बाईनं पुरं करवलं. तिचा नवरा राजाचा भांडारी होता. याच लेण्याच्या दारावरचं काम धंभिक नावाच्या अख्ख्या गावानं दिलं. गावानं वर्गणी काढली असणार, दुसरं काय!

आता दहा नंबरला या. इथं जरा बसायचं.

हे लेणं उषवदातानं दिलं. नहपान या क्षत्रप राजाचा हा जावई. त्याची बायको दक्षमित्रा, तिचं नाव इथल्या खोल्यांच्या दारावर वेगळं आहे. एका लेखात उषवदात ठेवीचा हिशेब सांगतो. एकूण तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. ती त्यानं ठेवली गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या माणसांचा संघ. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. मूळ लेखात दोनला ‘बे’ आणि पाऊणला ‘पायून’ आहे. पाढ्यातलं आपलं बे तेव्हापासूनचं. व्याजाला शब्द ‘वढि’, म्हणजे वाढ.

करा हिशेब. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात म्हटलंय की पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणं इकडेतिकडे नाही. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट. हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला. आपण मासिक बैठकीत जमाखर्च वाचतो, तसंच. राजाच्या जावयानं पैसा ठेवला तो विणकरांकडे. त्यांची पत तेवढी होती.

याच लेण्याच्या अंगणात आणखी एक लेख आहे. तो नंतरचा, तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा. त्याची अक्षरं काही ठिकाणी झिजली आहेत. ठेवीदार बाई आहे. नाव विष्णुदत्ता, शक घराण्यातली, बुद्धाची उपासिका. वडील अग्निवर्मा, नवरा रेभिल, मुलगा विश्ववर्मा. तिनं एकाच ठिकाणी सगळे पैसे ठेवले नाहीत. एक हजार कुलरिकांकडे, हे बहुधा कुंभार. दोन हजार ओदयंत्रिकांकडे, म्हणजे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे. शिवाय तेल्यांच्या श्रेणीकडे. एका धंद्याला वाईट वर्ष आलं तर दुसरा तारून नेईल, हे तिनं ओळखलं असावं, असं मला वाटतं.

ठेव कशासाठी? त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारात जो भिक्षू आजारी पडेल, मग तो कुठूनही आलेला असो, त्याच्या औषधपाण्यासाठी.

जाल तेव्हा टॉर्च न्या, तिरका उजेड टाकला की अक्षरं उठून दिसतात. त्यांवर खडू, कुंकू, तेल काही लावू नका, हातही फिरवू नका. मुलींना सोबत घ्या. आणि दहा नंबरला गेल्यावर आत शिरायची घाई करू नका, विष्णुदत्तेचा लेख बाहेर अंगणातच आहे.