बार का उडत नाही?

१८४१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पहिल्या अफू युद्धात ब्रिटिश सैन्य चीनमधील कँटन शहराबाहेर येऊन थांबले होते. त्यात मद्रासच्या ३७ व्या पलटणीचे हिंदी शिपाईही होते. वादळी पावसात या पलटणीची एक तुकडी मुख्य सैन्यापासून तुटली आणि भाले घेतलेल्या गावकऱ्यांच्या मोठ्या जमावाने तिला वेढले. शिपायांजवळ बंदुका होत्या, काडतुसे होती. पण बार उडेनात. संगिनींच्या जोरावर त्यांनी कसाबसा टिकाव धरला. अखेर मरीन सैनिकांच्या दोन कंपन्या त्यांच्या शोधात आल्या. पाऊस तोच होता, बंदुकीत ठासलेली काळी दारूही त्याच जातीची होती. पण मरीन सैनिकांचे बार उडाले आणि तुकडीची सुटका झाली.

मग फरक कशात होता? ठिणगी पाडण्याच्या पद्धतीत. शिपायांच्या बंदुका गारगोटीच्या होत्या, तर मरीन सैनिकांच्या टोपीच्या.

दिवाळीत न उडालेला फटाका आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. वात विझली की दारू ओली होती, हा प्रश्नही त्यांना पडलेला असतो. बंदुकीच्या बाबतीत हाच प्रश्न सुटायला बराच काळ लागला. बार उडणे ही एक घटना नसून घटनांची साखळी आहे. आधी ठिणगी पडली पाहिजे, ती दारूपर्यंत पोचली पाहिजे, आणि मग दारू योग्य वेगाने जळली पाहिजे. यातली कोणती कडी तुटली हे ओळखता आले, तरच उपाय सापडतो.

गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढला की गारगोटी पोलादी पत्र्यावर घासली जाई. ठिणग्या खालच्या छोट्या वाटीतल्या बारीक दारूवर पडत. या दारूला मराठीत ‘रंजक’ म्हणतात. रंजक पेटली की तिची ज्योत नळीच्या बाजूच्या भोकातून आत जाई आणि मुख्य दारू पेटे. गारगोटी बोथट झाली, रंजक सर्दावली, वाऱ्याने उडाली किंवा भोक काजळीने बुजले, की बार फुकट जाई. कधी नुसती रंजकच भडकून विझे.

हे किती वेळा घडे, याची मोजणी ब्रिटिशांनी १८३४ मध्ये वुलिच येथे केली. सहा बंदुका गारगोटीच्या आणि सहा टोपीच्या घेऊन प्रत्येक प्रकारातून ६,००० बार काढले. गारगोटीचे ९२२ बार फुकट गेले, टोपीचे फक्त ३६. म्हणजे एकीकडे साधारण साडेसहा बारांमागे एक, तर दुसरीकडे १६६ बारांमागे एक. तरीही १८४१ मध्ये मद्रासच्या शिपायांच्या हाती जुनीच बंदूक होती. प्रयोगाचा निष्कर्ष कागदावर उतरणे आणि तो शेवटच्या शिपायापर्यंत पोचणे यांत अंतर असते.

टोपीमागची कल्पना अलेक्झांडर फॉरसिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाची. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भडका दिसताच पक्षी पाण्यात बुडी मारत आणि गोळी वाया जाई. आघाताने पेटणारी रसायने तेव्हा माहीत झाली होती. ठिणगी पाडण्याऐवजी हातोडीच्या ठोक्यानेच ज्योत निर्माण करावी, असे त्याने ठरवले. १८०७ मध्ये त्याने पेटंट घेतले. पुढे इतरांनी हे रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसवले आणि पावसाची भीती बरीचशी गेली.

इथे एक शंका येईल. ठोक्याने इतके जोरात पेटणारे रसायन हाती असताना काळी दारू हवीच कशाला? ही शंका फॉरसिथच्याही आधी एकाने तपासली होती. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० मध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटची माहिती प्रसिद्ध केली. ते दारूऐवजी बंदुकीत भरून पाहिले, तेव्हा बंदूकच फुटली. टोपीतल्या रसायनाचे काम क्षणात भडकण्याचे असते. दारूचे काम वेगळे. गोळी नळीतून पुढे सरकत असताना तिला मागून सतत रेटा मिळाला पाहिजे. सगळा वायू एकाच क्षणी तयार झाला, तर गोळी हलण्याआधीच नळी फाटते. वायू फार सावकाश तयार झाला, तर गोळी बाहेर पडते आणि अर्धी दारू न जळता वाया जाते.

दारूची निवड म्हणजे या वेगाची निवड. दारूचा कण बाहेरून आत, थराथराने जळतो, हे फ्रेंच अधिकारी पियोबेर याने १८३९ मध्ये मांडले. म्हणून कण जितका बारीक तितका एकूण पृष्ठभाग जास्त आणि जळणे जलद. पिस्तुलाची नळी आखूड, गोळी हलकी; तिथे जलद दारू चालते. रायफलीची नळी लांब. तिथे सावकाश जळणारी हवी. अमेरिकेतल्या थॉमस रॉडमनने मोठ्या तोफांसाठी भोके पाडलेले कण वापरले. असा कण जळत जातो तशी भोके रुंदावतात, त्यामुळे पृष्ठभाग घटण्याऐवजी टिकतो किंवा वाढतो.

काळ्या दारूचा आणखी एक दोष होता. तिचे निम्म्याहून अधिक वजन वायू न होता धूर आणि काजळी बनते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली. १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलीत ती आली. आधीच्या ग्रा रायफलीची ११ मिलिमीटरची नळी ८ मिलिमीटरवर आली आणि गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४५० मीटरवरून ६०० च्या वर गेला.

आता काडतूस एकसंध झाले: टोपी, दारू, गोळी सारे पितळी कवचात. तरी बार चुकतोच, आणि कारण शोधण्याची रीतही तीच राहिली. टोपीवर खूण उथळ असेल, तर ठोका कमी पडला. खूण खोल असूनही टोपी फुटली नसेल, तर टोपीत दोष. टोपी फुटली पण दारू तशीच राहिली असेल, तर दारू सर्दावलेली किंवा त्या काडतुसाला न जुळणारी. कधी दारू काही क्षणांनी पेटते. म्हणूनच बार न उडाल्यास नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबायचे असते. न उडालेल्या फटाक्याजवळ लगेच जाऊ नये, याचेही कारण हेच.

या सर्व ज्ञानानंतरही मोठी चूक झाली ती व्हिएतनाम युद्धात. अमेरिकेची एम-१६ रायफल एका विशिष्ट, नळकांडीच्या आकाराच्या कणांच्या दारूवर जुळवून तयार झाली होती. १९६४ मध्ये लष्कराने गोल कणांची दुसरी दारू स्वीकारली. गोळीचा वेग हवा तेवढा मिळत होता, बारही उडत होते. पण नळीतल्या दाबाची चढउतार बदलली, रायफलीची यंत्रणा अधिक वेगाने फिरू लागली आणि दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे वायूच्या नळीत घाण साचू लागली. त्यात सफाईचे साहित्यही पुरेसे दिले नव्हते. ऐन लढाईत रायफली अडकल्या, सैनिक प्राणाला मुकले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी करून दारूच्या या बदलावर कडक टीका केली.

वुलिचच्या प्रयोगात पेटवण्याची रीत बदलली होती, आणि सहा हजार वेळा मोजणी केली होती. एम-१६ च्या वेळी एक घटक बदलला, पण साऱ्या यंत्रणेवर त्याचा काय परिणाम होतो हे सैनिकांच्या हाती देण्याआधी पुरेसे तपासले नाही. विज्ञानाच्या तासाला ‘एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मोजा’ असे आपण सांगतो, तेव्हा ही दोन उदाहरणे हाताशी असावीत.

पृष्ठभागाचा मुद्दा दाखवायला दारूची मुळीच गरज नाही. सारख्याच वजनाचा खडीसाखरेचा एक खडा आणि तिचीच पूड दोन पेल्यांतल्या सारख्या पाण्यात टाका, सारखेच ढवळा, आणि विरघळायला लागणारा वेळ मुलांना घड्याळ लावून मोजू द्या.