सातपूरची मराझो, तुरीनची बातिस्ता

त्र्यंबक रोडनं नाशिकबाहेर पडताना सातपूरला महिंद्राचा कारखाना लागतो. २००२ साली पहिली स्कॉर्पिओ इथंच बनली. २००७ पासून काही वर्षं फ्रान्सच्या रेनॉबरोबर भागीदारीत लोगान बनली. ती मुळात दाचिया या रेनॉच्या मालकीच्या, रुमानियातल्या स्वस्त ब्रँडची गाडी. त्यामुळे गाडी आखली एकानं आणि विकली दुसऱ्याच नावानं, हे नाशिकला नवं नव्हतं.

३ सप्टेंबर २०१८ रोजी इथंच मराझो बाजारात आली. सात-आठ माणसं बसतील अशी घरगुती गाडी, किंमत ९ लाख ९९ हजारांपासून. तिच्या आकारामागे शार्क माशाची कल्पना होती, आणि तो आकार घडवण्यात इटलीतल्या पिनिनफारिनाचा हात होता. हो, फेरारीला अनेक दशकं रूप देणारं तेच घराणं.

त्या घराण्याच्या नावाची गोष्ट गमतीची आहे. बातिस्ता फारिना घरातला धाकटा, म्हणून लाडाचं नाव 'पिनिन'. १९३० साली त्यानं तुरीनमध्ये गाड्यांचे सांगाडे बनवण्याचा कारखाना काढला. त्याच्या कारखान्याची चिसितालिया ही गाडी १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं प्रदर्शनात मांडली. पुढं नाव इतकं मोठं झालं, की १९६१ साली राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानं लाडाचं नाव आणि आडनाव जोडून कुटुंबाचं कायदेशीर आडनावच 'पिनिनफारिना' झालं. आपल्याकडे एखाद्या बाळ्याच्या टोपणनावाला सरकारनं आडनाव म्हणून मान्यता द्यावी, तसंच हे.

पण नावानं कर्ज फिटत नाही. दुसऱ्या कंपन्यांसाठी गाड्या बांधण्याचा धंदा आटला आणि बँकांची देणी डोक्यावर आली. डिसेंबर २०१५ मध्ये महिंद्रा आणि टेक महिंद्रा यांनी मिळून पिनिनफारिनाचा सुमारे ७६ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. कुटुंबाच्या त्या हिश्श्याची किंमत होती सुमारे अडीच कोटी युरो. कर्जाची व्यवस्था आणि नवं भांडवल वेगळं. हा आकडा लक्षात ठेवा.

आलिशान ब्रँड हवा असलेल्या साध्या कंपनीपुढं साधारण दोन वाटा असतात. टोयोटानं १९८९ साली अमेरिकेत लेक्सस हे नवंकोरं नाव उभं केलं, कारण टोयोटाच्या नावावर कोणी मर्सिडीजची किंमत मोजणार नव्हतं. टाटांनी २००८ साली फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, २३० कोटी डॉलरना. महिंद्रानं मधली वाट काढली. नाव विकत घेतलं, पण ज्याच्या स्वतःच्या नावावर आजवर कारचा ब्रँडच चालला नव्हता, असं. २०१८ साली त्यांनी 'आउतोमोबिली पिनिनफारिना' ही वेगळी कंपनी जाहीर केली. मुख्यालय म्युनिकला, मालकी महिंद्राची.

मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिची पहिली गाडी दिसली. नाव बातिस्ता, संस्थापकाच्याच नावावरून. पूर्ण विजेवर चालणारी, १९०० अश्वशक्तीची. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग दोन सेकंदांच्या आत. विजेची यंत्रणा क्रोएशियाच्या रिमात्सची, जुळणी तुरीनजवळच्या काम्बियानोत. एकूण १५० गाड्या काढायच्या ठरल्या, एकेकीची किंमत वीस लाख युरोंच्या घरात, म्हणजे तेव्हाचे साधारण १६ कोटी रुपये. आता तो मघाचा आकडा आठवा: शंभर वर्षांकडे निघालेल्या घराण्याचा तीन चतुर्थांश हिस्सा बाराएक बातिस्तांच्या किमतीत आला.

बातिस्तावर नाव पिनिनफारिनाचं. मला यात लबाडी दिसत नाही, धंद्याचं शहाणपण दिसतं. नावाचं मोल महिंद्राला फार आधीपासून माहीत आहे. १९४५ साली कंपनी सुरू झाली ती 'महिंद्रा अँड मोहम्मद' म्हणून. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली दुसऱ्या 'एम'च्या जागीही महिंद्राच आलं. छापून ठेवलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून ते आद्याक्षर राखलं, असं सांगतात.

तरी एक गोष्ट खटकते. बातिस्ताची चर्चा होते तेव्हा तुरीन येतं, म्युनिक येतं, फार तर मुंबई येते. ती हौस परवडण्याइतका पैसा ज्या बोलेरो, स्कॉर्पिओ आणि ट्रॅक्टरांनी मिळवून दिला, त्या बनवणारी गावं कुठंच येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला आकाराचं कसब मराझोतच अवघड वाटतं. बातिस्तात दोन माणसं बसवली की झालं. मराझोत आजी, तिची पिशवी, मागच्या रांगेतली पोरं आणि छतातून मागं वारा देणारा एसी, एवढं सगळं कोंबून वर ती दिसायलाही बरी हवी, आणि तेही दहा लाखांत. मराझो फारशी खपली नाही. इनोव्हाची सवय लागलेल्या आणि अर्टिगाचा हिशेब पाठ असलेल्या गिऱ्हाइकाला शार्कचं अप्रूप नव्हतं. पण सातपूरहून निघालेली एखादी मराझो अजूनही त्र्यंबकच्या पार्किंगमध्ये दिसते, मागच्या काचेवर देवाचं नाव, आणि दारावर इटलीतल्या त्याच घराण्याच्या हातची रेघ.