रक्तप्रदराचे औषध आणि मजुराची सवड

ज्या दुखण्याला आपल्या घरांत नुसते ‘अंगावरून जाणे’ म्हणतात, आणि तेही कुजबुजून, त्यालाही इतिहास आहे. कामगारांत वावरणाऱ्या आम्हांस तो पाहावा लागला, कारण हे दुखणे मजुरीशी बांधलेले आहे.

आयुर्वेदात यास असृग्दर वा रक्तप्रदर म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, ३० व्या अध्यायात, त्यावर पुष्यानुग चूर्ण सांगितले आहे. लोध्र, गेरू इत्यादी त्यात पडतात. ते मधातून, तांदळाच्या धुवणाबरोबर घ्यावयाचे. तांदुळजाच्या मुळीचा उपायही तेथेच आहे. अशोकाच्या सालीचा दुधातला काढा चक्रपाणिदत्ताने ११ व्या शतकात सांगितला. हा खरा सीताअशोक सह्याद्रीच्या ओल्या रानातला. धाराशिवच्या बालाघाटी माळावरचा नव्हे. शाळा-कचेऱ्यांपुढे सरळसोट वाढणारा ‘अशोक’ निराळ्याच कुळातला, आणि बाजारात त्याची सालही खरी म्हणून खपते.

या उपायांस हसण्याचे कारण नाही. देव्हाऱ्यात बसविण्याचेही नाही. रक्त गाठीमुळे जाते की कर्करोगामुळे, हे झाडाची साल सांगत नाही, तपासणीच सांगते. रक्तस्राव आवरणारे ट्रानेक्सॅमिक आम्ल उताको व शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने १९६२ साली जगापुढे ठेवले. म्हणजे शस्त्रक्रियेच्या अलीकडे उपाय आहेत.

परंतु काढा आटवायला दूध, सरपण आणि घटकाभर वेळ लागतो; गोळीसाठी दवाखान्याला जायचा एक दिवस लागतो. आमच्या भूम, परंडा, कळंब, वाशीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईजवळ यांतले काय असते? नवराबायको मिळून एक ‘कोयता’; मुकादमाची उचल दोघांच्या डोक्यावर; एक दिवस पडून राहिले की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात ना न्हाणी, ना संडास. मग ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला तिला सुटकेसारखा वाटतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, सहांत एक!

एवढ्या शतकांत मुळी गेली, गोळी आली. पण बाईला अंथरुणाला पाठ टेकण्याची मुभा कोणी लिहून दिली नाही. ती वैद्याने नव्हे, कारखान्याने द्यावयाची आहे. खाड्याचा दंड रद्द, भरपगारी रजा आणि फडाजवळ तपासणी, हा औषधोपचाराचाच भाग होय, असे आम्ही समजतो.