'ध'चा 'मा' आणि मोर्तबाची जागा

काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, रायपूर येथील माझ्या कार्यालयात एका कंत्राटदार कंपनीच्या नावे ई-मेल आला. कंपनीचे बँक खाते बदलले असून प्रलंबित देयक नव्या खात्यात वळते करावे, मजुरांची मजुरी अडली असल्याने हे सायंकाळपूर्वीच व्हावे, अशी विनंती होती. बोधचिन्ह, शिक्का, स्वाक्षरी, सारे यथास्थित. मजुरांचे नाव निघाले की प्रशासकाचा हात सैल होतो. मी मान्यतेची सही केली.

तासाभराने आमचे लेखापाल नस्ती घेऊन परत आले. त्यांचे घराणे भोसल्यांच्या अमदानीत नागपूरहून इकडे आलेले. म्हणाले, "साहेब, पत्त्यातला हा 'एम' नव्हे. 'आर' आणि 'एन' शेजारी बसवले आहेत. 'ध'चा 'मा' झालाय."

उपमा अचूक होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. मूळ आज्ञापत्रात 'धरावे' असताना आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. ती जशीच्या तशी खरी मानावी काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण लोकांनी ती अडीचशे वर्षे जपली, यातच लेखी आज्ञेविषयीची एक जुनी धास्ती दिसते.

ही धास्ती मराठी दफ्तरालाही होती. पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवीत. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडील तर ती आमची नव्हे, हा तिचा अर्थ. लांब सनदेचे कागद एकमेकांस चिकटवीत, तेव्हा मधला तुकडा बदलता येऊ नये म्हणून पाठीमागे जोडांवरही शिक्के करीत. पण बारकाईने पाहावे. मोर्तब शेवट राखते, जोडशिक्का सांधे राखतो. ओळीच्या पोटातले एक अक्षर दोघांनाही राखता येत नाही. त्यासाठी दफ्तरातील नोंदीशी पत्र ताडून पाहणे, म्हणजे ते 'रुजू' करणे, एवढाच उपाय होता. नोंद पत्र आणणाऱ्याच्या हाती नसे, हेच तिचे बळ. छत्तीसगडात १८३० ते १८५४ या काळात भोसल्यांचे जिलेदार रायपुरातून कारभार पाहत, तेव्हा नागपूरची आज्ञा जंगलवाटांनी जासुदाकरवी येई. आणणाऱ्याचा चेहरा पाहून तिच्यावर विसंबणे कोणालाच परवडणारे नव्हते.

'फिशिंग' हा शब्द १९९०च्या दशकात अमेरिका ऑनलाइनच्या ग्राहकांचे पासवर्ड लुबाडणाऱ्यांमुळे रूढ झाला. साधन नवे, रीत जुनीच. पाठवणाऱ्याचे नाव ठळक दिसते, खरा पत्ता मात्र उघडून पाहावा लागतो. दुव्यावरील शब्द एक सांगतात, दुवा नेतो भलतीकडेच. आणि घाई तर असतेच, कारण विचार करायला वेळ मिळाला की डाव फसतो. शासकीय पत्त्यांच्या अखेरीस 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असते. बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे स्वतंत्र क्षेत्र रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये आणले. ही आजची मोर्तबेच होत. मात्र संकेतस्थळापुढील कुलपाच्या चिन्हाला पुष्कळ सुशिक्षित माणसे मोर्तब समजतात, ते चूक आहे. वाटेत मजकूर कोणी वाचू शकणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे सावकार बसला आहे की चोर, हे त्याला माहीत नसते.

असो. आमच्या लेखापालांनी जे केले ते 'रुजू' करणेच होते. ई-मेलमध्ये दूरध्वनी क्रमांक दिलेला होता. त्यावर फोन केला असता तर भामट्यानेच गोड आवाजात दुजोरा दिला असता. त्यांनी तीन वर्षांपूर्वीचा मूळ करारनामा काढला आणि त्यावरील क्रमांक फिरवला. खाते बदललेले नव्हते, पत्रही पाठवलेले नव्हते. मी सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर कळवले आणि पोलिसांकडे तक्रार दिली. पैसे गेलेले नसल्याने तिकडे फारशी लगबग झाली नाही, आणि तक्रार करायलाही मला तोंड नव्हते.

मजुरी जुन्याच खात्यातून, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी निघाली. त्या नस्तीत माझी सही अजून आहे. तिच्यावर मीच मारलेली आडवी रेघ आहे आणि शेजारी लेखापालांच्या हिरव्या शाईतील एक शब्द: 'ताडले'.