कायदेकर्त्यांवर कायदा कोणी करावा?



कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच मतदारालाही पडत असतो. आमदार आपल्या सर्वांसाठी कायदे करतात. परंतु त्यांच्या स्वतःच्या वर्तनाला वळण लावणारा कायदा त्यांच्याच पंक्तीतले लोक मनापासून करतील, असा भरवसा जनतेने कितपत बाळगावा? नुसत्या संतापाने हा प्रश्न सुटत नाही. मागचा इतिहास चाळला तर मात्र पुष्कळ बोध होतो. त्यासाठी आम्ही 1967 सालापासून आरंभ करतो.

त्या वर्षी चौथी सार्वत्रिक निवडणूक झाली. अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले आणि चार-दोन आमदार इकडचे तिकडे झाले की सरकारे तरू-बुडू लागली. हरियाणात गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. ‘आयाराम गयाराम’ हा शब्द त्यांच्यामुळेच देशभर रूढ झाला. नोव्हेंबरात ती विधानसभाच बरखास्त करण्याची पाळी आली.

डिसेंबरात लोकसभेने ठराव केला आणि त्यानुसार गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 1969 साली तिचा अहवाल आला. त्यातील आकडे आजही वाचावेत असे आहेत. मार्च 1967 ते फेब्रुवारी 1968 या एका वर्षात 438 पक्षांतरे झाली होती. पक्ष सोडणाऱ्या राज्याराज्यांतील 210 आमदारांपैकी 116 जण, आपल्याच पक्षांतराने उभ्या राहिलेल्या मंत्रिमंडळांत जाऊन बसले होते. तत्त्वासाठी पक्ष सोडणारा मनुष्य जगात नसतोच असे नव्हे; परंतु तत्त्वामागोमाग इतक्या नेमाने मंत्रिपद चालत यावे, याला योगायोग कसे म्हणावे?

रोग तर कळला. औषधाचे काय झाले? 1973 साली विधेयक आले. 1977 साली लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. 1978 साली दुसरे आले. ते मांडतानाच विरोध झाला व मागे घेतले गेले. अखेर जानेवारी 1985 मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचा कायदा झाला. अहवालाला तेव्हा सोळा वर्षे लोटली होती. कायदा संसदेने केला व आमदार राज्यांतले, हे खरे. पण खासदार आणि आमदार एकाच पक्षांच्या घरातले, हे विसरून चालणार नाही.

या कायद्यात दोन फटी राहिल्या. पहिली अशी की, पक्षाचे एक-तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर त्यांना दोष नाही! एकट्याने कुंपण ओलांडले तर गुन्हा, घोळक्याने ओलांडले तर ‘फूट’. ही फट 2003 सालच्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने बुजवली. दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मात्र मोकळी ठेवली. दुसरी फट अधिक खोल आहे. सदस्य अपात्र झाला की नाही, हे ठरवण्याची किल्ली सभागृहाच्या अध्यक्षांच्याच हाती दिली गेली, आणि अध्यक्ष तर बहुधा सत्तापक्षाच्या बळावर निवडून आलेले असतात. 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे निर्णय तपासण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवला. 2020 साली मणिपूरच्या प्रकरणात, हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे त्याच न्यायालयाने सुचवले. आपल्या महाराष्ट्रात जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. अपात्रतेच्या याचिकांचा निकाल लागला 10 जानेवारी 2024 रोजी. दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. तो निकाल बरा की वाईट, हा वाद येथे बाजूस ठेवू. परंतु दीड वर्ष मतदाराने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे होते?

दुसरा दाखला 2002 सालचा. उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले जाहीर करावेत, असा निकाल मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिला. एरवी एकमेकांशी हाडवैर धरणारे पक्ष या वेळी मात्र त्याविरुद्ध एक झाले. ऑगस्टमध्ये वटहुकूम आला, मागून कायदा झाला. मार्च 2003 मध्ये न्यायालयाने त्यातले आडवे येणारे कलम रद्द केले, तेव्हा कोठे ती माहिती मतदारापुढे आली.

यावरून सगळे लोकप्रतिनिधी लबाड, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. 1951 साली मुद्गल नावाच्या सदस्यांनी मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचे उघड झाले. तेव्हा त्यांना काढून टाकण्याचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला होता. सभागृहाला स्वतःचे अधिकार हवेत, तेही खरे. नाहीतर उद्या कोणतेही सरकार पोलीस पाठवून विरोधकाचे तोंड बंद करील. पण बोलण्याचे स्वातंत्र्य वेगळे आणि आपल्याच खटल्यात आपणच पंच होणे वेगळे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने आमच्यावर अट घातली की, दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे धाडावा. त्यात आमचा अपमान झाला नाही. उलट, वर्गणीचा रुपया देणारा कामगार त्यामुळे निर्धास्त झाला. हिशेब तपासणारा बाहेरचा असतो, म्हणूनच आतल्या माणसावर विश्वास बसतो. विधिमंडळांनी जो न्याय आम्हांला लावला, तो आपल्याला लावून घेण्यात कमीपणा कसला?

आणि हा विश्वास आम्हांला हवा आहे, कारण त्यावाचून कष्टकऱ्याला गती नाही. ज्या 1969 साली पक्षांतराचा तो अहवाल आला, त्याच साली आपल्या विधिमंडळाने माथाडी कायदा केला आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालाला भविष्यनिर्वाह निधीची, भरपगारी रजेची वाट खुली झाली. श्रीमंताला आपले काम करून घ्यायला शंभर दारे असतात. गरिबाला विधानसभेचे एकच. त्या दारातल्या माणसाचे मत विकाऊ झाले, तर नुकसान हमालाचे होते.

तेव्हा श्रोतेहो, सुधारणा आतून आपोआप होत नाही. बाहेरून दार ठोठावले तरच होते. पुढल्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला पाण्याचा, रस्त्याचा प्रश्न अवश्य विचारा. त्याचबरोबर एवढेही विचारा : तुमच्या वर्तनाचा निवाडा बाहेरच्या, निःपक्षपाती माणसाने करावा, याला तुम्ही तयार आहात काय?